कानांजवळचें गाणें : हेडफोन कसा निवडावा?

गाणें ऐकावयाचें म्हणजे पूर्वीं घराबाहेर पडावें लागे. जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, अवर्षणाचा तालुका. येथील रसिकास चांगली बैठक ऐकावयाची तर मिरज-सांगलीची नाहीं तर सोलापुरची वाट धरावी लागे, आणि रात्रीची मैफल आटोपून पहांटेच्या एस.टी.नें परत यावें लागे. आज तीच मैफल खिशांतल्या मोबाईलमध्यें येऊन बसली आहे. अडचण राहिली आहे ती घरांतल्या घरांतच. एकाच माजघरांत आजोबांना विलंबित ख्याल हवा असतो, सूनबाईंना भावगीत, कॉलेजांत जाणाऱ्या मुलास चित्रपटांतील ठेका आणि दहावीच्या परीक्षेस बसलेल्या मुलीस केवळ शांतता. चौघांचेंहि म्हणणें रास्त आणि घर मात्र एक! अशा वेळीं हेडफोन ही चैनीची वस्तु न राहतां गृहव्यवस्थेची वस्तु होते.

ह्या वस्तूस ‘कर्णध्वनिक’, ‘श्रवणयुग्म’ असे संस्कृत शब्द घडवितां येतील. परंतु असा शब्द उच्चारून दुकानांत गेल्यास दुकानदार औषधांच्या दुकानाकडे बोट दाखवील! म्हणून रूढ झालेला ‘हेडफोन’ हाच शब्द आम्ही येथें वापरीत आहों.

ही वस्तु बहुतेक लोक उलट्या क्रमानें निवडतात. आधीं किंमत पाहतात, मग कंपनीचें नांव, मग रंग. आणि घरीं आणल्यावर आपलें आवडतें गाणें तींतून कसें वाटतें तें पाहतात. आमच्या मतें क्रम अगदीं याच्या विरुद्ध असावा. प्रथम विचारावें, आपण ऐकतों काय? मग, कोणत्या यंत्रांतून ऐकतों? मग, घरांत कोठें बसून ऐकतों? आणि शेवटीं, ऐकणारे कान कोणत्या वयाचे आणि कोणत्या प्रकृतीचे आहेत? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढलीं म्हणजे शेंकडों हेडफोनांतून चार-पांचच उरतात, आणि मग किंमतीचा विचार करणें सोपें जातें.

थोडा पूर्वेतिहास

हेडफोनचा जन्म संगीतासाठीं झालेला नाहीं. अमेरिकेंतील नाथानिएल बाल्डविन यांनीं आपल्या घरीं तयार केलेले हेडफोन १९१० सालीं तेथील आरमारानें घेतले, ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठीं. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, त्या काळांत स्फटिकाचे साधे रेडिओ असत. त्यांस वीज लागत नसे, परंतु आवाज इतका क्षीण असे कीं हेडफोन कानांस लावल्यावांचून गत्यंतर नसे. १९३७ सालीं बर्लिनच्या बायर कंपनीनें ‘डीटी ४८’ हा हेडफोन बाजारांत आणला. त्यांत तारेचें वेटोळें आणि चुंबक यांच्या योगानें पडदा हलविण्याची जी रीत होती, तीच आजच्या बहुसंख्य हेडफोनांत आहे. १९५८ सालीं जॉन कॉस यांनीं दोन कानांस दोन निरनिराळे ध्वनि देणारा, खास संगीतासाठीं केलेला हेडफोन काढला. १९६८ सालीं सेनहायझर कंपनीचा उघड्या पाठीचा ‘एचडी ४१४’ आला. आणि १ जुलै १९७९ रोजीं सोनीचा ‘वॉकमन’ निघाल्यापासून हेडफोन लावून चालणारा माणूस रस्त्यांत दिसूं लागला.

एवढ्यावरून ध्यानांत यावें कीं हेडफोन अनेक कामांसाठीं घडलेले आहेत. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा वेगळा, प्रवाशाचा वेगळा, व्यायाम करणाऱ्याचा वेगळा. ‘सर्वांत उत्तम हेडफोन कोणता?’ हा प्रश्न ‘सर्वांत उत्तम भांडें कोणतें?’ ह्या प्रश्नासारखाच आहे. कढईत दूध विरजूं नये आणि परातींत भाजी फोडणीस टाकूं नये.

तंबोरा हीच कसोटी

आतां पहिला प्रश्न, आपण ऐकतों काय? जतच्या परिसरांत मराठी आणि कानडी ह्या दोन भाषा एका घरांत नांदतात, आणि गाण्यांतहि तसेंच आहे. पं. भीमसेन जोशी यांनीं मराठी अभंगहि गाइले आणि कानडी दासपदेंहि. येथील घरांतून दोन्ही ऐकलीं जातात. मिरज हें तर किराणा घराण्याचें तीर्थक्षेत्रच. उस्ताद अब्दुल करीम खां तेथें स्थायिक झाले, १९३७ सालीं ते निवर्तल्यावर तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांतच त्यांस विश्रांति मिळाली, आणि दर्ग्याच्या उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ अजूनहि गायन-वादन होतें. स्वर लावण्यांतील सूक्ष्मता हा ह्या गायकीचा प्राण. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील आपलें इंग्रजी पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध केलें. त्या श्रुतिविचारांत खांसाहेबांच्या गळ्याची साक्ष त्यांनीं घेतली होती. ज्या प्रांतांत श्रुति मोजण्यापर्यंत लोकांची दृष्टि गेली, तेथील ऐकणाऱ्यानें स्वर बिघडविणारा हेडफोन घ्यावा हें शोभत नाहीं.

परीक्षेचें साधनहि आपल्याजवळच आहे, तें म्हणजे मिरजेचा तंबोरा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून मिरजेचे कारागीर तंबोरे आणि सतारी पिढ्यान् पिढ्या घडवीत आले आहेत, आणि २०२४ सालीं तेथील सतार व तंबोरा ह्या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याच्या घोडीची किंचित् बहिर्वक्र पाठ आणि तारेखालीं सरकविलेला दोरा यांमुळें जवारी उत्पन्न होते. एका तारेंतून एक नव्हे, अनेक स्वर उमटतात. ह्या घोडीचें गणित सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या निबंधांत उलगडून दाखविलें, आणि त्याच्या आदल्या वर्षीं तबला-मृदंगाच्या शाईमुळें चर्मवाद्यांत स्वरमेळ कसा येतो हें ‘नेचर’ नियतकालिकांत मांडलें.

काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झ असतो. त्याचा खर्ज निम्मा, म्हणजे सुमारें ६९. काळी चारमध्यें गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज सुमारें २०८ व खर्ज १०४. परंतु तंबोऱ्याचें वैभव ह्या मूळ स्वरांत नाहीं. तें त्यांच्यावर चढत जाणाऱ्या उपस्वरांत आहे, आणि ते कांहीं हजार हर्ट्झपर्यंत जातात. खर्जाची तार छेडली असतां तींतून जो स्वयंभू गांधार निघतो, तो मूळ खर्जाच्या पांचपट उंचीवर असतो. म्हणून आमची कसोटी अशी : नुसत्या तंबोऱ्याचें मुद्रण पांच मिनिटें ऐकावें. चारी तारा निरनिराळ्या ओळखूं याव्यात, खर्ज घुमावा पण सुजूं नये, आणि स्वयंभू गांधार आपोआप कानीं पडावा. हें साधलें तर त्या हेडफोनमधून ख्याल नीट ऐकूं येईल, अशी बव्हंशीं खात्री बाळगावी.

पुष्कळ हेडफोन, विशेषतः तरुणांसाठीं म्हणून विकले जाणारे, खालचा भाग मुद्दाम फुगवून केलेले असतात. नृत्याच्या गाण्यांत त्यामुळें जोम वाटतो. परंतु तोच हेडफोन लावून ख्याल ऐकला तर डग्ग्याचा घुमारा पसरून खर्जावर चढतो, आणि गायकाचा मध्य सप्तक जणूं पडद्याआडून येतो. उलट कांहीं हेडफोनांत वरचा भाग तीक्ष्ण असतो. पहिल्या दोन मिनिटांत तो ‘स्पष्ट’ वाटतो, पण अर्ध्या तासानें तबल्याच्या चाटेचा आवाज टोंचूं लागतो, पेटी कर्कश होते आणि ‘स’कार शिटीसारखे ऐकूं येतात. मैफल तासा-दोन तासांची असते. म्हणून ख्याल ऐकणाऱ्यानें मध्यभाग समतोल असलेला, दोन्ही टोंकांना सौम्य असा हेडफोन घ्यावा.

भावगीत आणि नाट्यगीत यांत शब्द महत्त्वाचा. गदिमा हे आपल्याच जिल्ह्यांतील शेटफळ्याचे. त्यांचें आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून प्रसारित झालें. त्यांतील ५६ गीतांपैकीं कोणतेंहि एक लावावें, आणि डोळे मिटून प्रत्येक व्यंजन निराळें कळतें कीं नाहीं तें पाहावें. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असते. तेथें खळगा असेल तर शब्द तोंडांत पोळी असल्यासारखे ऐकूं येतात.

मात्र घरांतील मुलास चित्रपटांतील ठेक्याचीं गाणींच आवडत असतील तर त्याच्यावर तंबोऱ्याची कसोटी लादूं नये. त्या संगीताची रचनाच खालच्या ठेक्यावर उभी आहे. त्यास बंद पाठीचा, थोडा भरीव खर्ज देणारा हेडफोनच योग्य. दुसऱ्याच्या रुचीस हीन लेखून केलेली खरेदी चार दिवसांनीं कपाटांत पडून राहते.

जुन्या मुद्रणांविषयीं

आमच्या वयाच्या मंडळींस जुन्या तबकड्यांची ओढ असते. त्यांविषयीं दोन शब्द स्वतंत्रपणें सांगणें अवश्य आहे. १९२५ सालापूर्वीं गायक कर्ण्यासमोर बसून गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरीत असे. त्या मुद्रणांत सुमारें अडीच हजार हर्ट्झच्या वरचें फारसें कांहीं उतरत नसे. विजेचें मुद्रण आल्यावर ही मर्यादा दुपटीच्या आसपास गेली. तेव्हां ह्या तबकड्यांसाठीं अतिशय महागडा आणि वरचा भाग उजळ करणारा हेडफोन घेतला तर त्यांतून अधिक गाणें मिळत नाहीं; मिळते ती अधिक खरखर. जुन्या मुद्रणांस सौम्य हेडफोनच मानवतो.

दुसरें असें कीं तीं मुद्रणें एकमार्गी आहेत. दोन्ही कानांस एकच ध्वनि जातो, त्यामुळें गायक समोर न बसतां आपल्या मस्तकाच्या मध्यभागीं बसून गात आहे असें वाटतें. प्रथम ऐकणाऱ्यास हें चमत्कारिक वाटतें आणि तो हेडफोनास दोष देतो. तो हेडफोनाचा दोष नव्हे. उघड्या पाठीच्या हेडफोनांत ही भावना थोडी कमी होते, एवढेंच.

विहीर, मोट आणि बैल

दुसरा प्रश्न यंत्राचा. येथें ‘ओहम’ आणि ‘डेसिबेल’ हे दोन शब्द कळले म्हणजे पुरे. हेडफोनच्या खोक्यावर ‘३२ ओहम’, ‘८० ओहम’, ‘३०० ओहम’ असें छापलेलें असतें. हा त्या हेडफोनचा विजेस होणारा अडथळा. त्याशेजारीं ‘१०० डेसिबेल’ असा दुसरा आंकडा असतो, ती त्याची संवेदनशीलता. म्हणजे एवढ्याशा शक्तींत तो किती आवाज देतो तें.

जतकरांस हें विहिरीच्या दृष्टान्तानें चटकन् समजेल. पाणी जितकें खोल, तितके मोटेस बैल सशक्त हवेत. उथळ विहिरीवर एक बैलजोडी पुरते. खोल विहिरीवर तीच जोडी थकते, आणि मोट अर्धीच वर येते. ओहम ही विहिरीची खोली, आणि मोबाईल किंवा ॲम्प्लिफायर ही बैलजोडी.

आंकड्यांनींच पाहूं. समजा, एखादा मोबाईल अर्धा व्होल्ट दाब देतो. दाबाचा वर्ग करून त्यास ओहमांनीं भागलें म्हणजे शक्ति निघते. ३२ ओहमांच्या हेडफोनास त्यापासून सुमारें ७.८ मिलिवॉट मिळतील. ३०० ओहमांच्या हेडफोनास केवळ ०.८ मिलिवॉट, म्हणजे जवळजवळ नवमांश. दोघांची संवेदनशीलता दर मिलिवॉटास सारखीच धरली तर आवाजांत सुमारें १० डेसिबेलांचा फरक पडतो. आणि १० डेसिबेलांनीं कमी झालेला आवाज कानास साधारण निम्मा वाटतो. सेनहायझरचा ‘एचडी ६००’ हा १९९७ सालापासून नांवाजलेला हेडफोन ३०० ओहमांचा आहे. तो रसिकांनीं वाखाणला म्हणून विकत घ्यावा आणि साध्या मोबाईलास जोडावा, तर विलंबित ख्यालांतील हळुवार भाग ऐकूंच येत नाहीं, आणि दोष मात्र हेडफोनाच्या माथीं येतो. बायरडायनॅमिकचा ‘डीटी ७७० प्रो’ हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा निरनिराळ्या ओहमांत निघाला आहे. मागवितांना आपल्या यंत्रास जुळणारा आंकडा पाहूनच मागवावा.

एक सावधगिरी. संवेदनशीलता कोणी दर मिलिवॉटास सांगतात, कोणी दर व्होल्टास. दोन कंपन्यांच्या आंकड्यांची तुलना करण्यापूर्वीं मापें एकच आहेत ना, हें पाहावें. नाहीं तर शेर आणि किलो यांची बेरीज केल्यासारखें होईल.

याच्या उलटहि एक प्रकार आहे. कित्येक घरांत वडिलांच्या वेळचा जुना, वजनदार ॲम्प्लिफायर असतो आणि त्यास हेडफोनचें मोठें, ६.३ मिलिमीटरचें भोंक असतें. त्या जुन्या यंत्रांत हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर पुष्कळदां शंभर-दोनशें ओहमांचा आंतला अडथळा घातलेला असतो. नियम असा कीं यंत्राचा आंतला अडथळा हेडफोनच्या ओहमांच्या आठव्या हिश्शाहून अधिक नसावा. म्हणून अशा यंत्रास १६ किंवा ३२ ओहमांचा हेडफोन जोडला तर कित्येकदां त्याचा खर्ज बिघडून सैल होतो. तेथें २५०-३०० ओहमांचाच शोभतो. तात्पर्य, मोबाईलवर ऐकणाऱ्यानें १६ ते ५० ओहमांच्या आसपासचा घ्यावा, जुन्या ॲम्प्लिफायरवाल्यानें अधिक ओहमांचा. महाग हेडफोन घेऊन मग त्याच्यासाठीं नवें यंत्र घेणें म्हणजे नालासाठीं घोडा घेणें होय.

तारेचा कीं बिनतारी?

अलीकडच्या पुष्कळ मोबाईलांना तारेचें भोंकच नसतें. त्यांस लहानशी जोडणी लावून तारेचा हेडफोन चालवितां येतो. पण प्रत्येक जोडणी प्रत्येक मोबाईलास चालतेच असें नाहीं, म्हणून आपला मोबाईल दुकानांत नेऊन तेथेंच लावून पाहावी.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथ, हेडफोनाची सोय निर्विवाद आहे. स्वयंपाकघरांत काम करतांना तार अडकत नाहीं. त्यास यंत्राचे ओहम पाहावे लागत नाहींत, कारण त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्याच पोटांत असतो. परंतु ध्वनि संक्षिप्त करून पाठविला जातो आणि संक्षेपाच्या रीति अनेक आहेत : एसबीसी, एएसी, एलडॅक वगैरे. जी रीत हेडफोनास येते ती मोबाईलासहि येत असेल तरच तिचा उपयोग. नाहीं तर दोघे मिळून साध्या रीतीवर उतरतात. हेडफोनच्या खोक्यावर मोठें नांव आहे म्हणून अधिक पैसे देण्यापूर्वीं हें पाहावें.

बिनतारीचा दुसरा दोष म्हणजे विलंब. ध्वनि क्षणाच्या कांहीं अंशानें उशिरां पोंचतो. ऐकणाऱ्यास त्याचें कांहीं नाहीं. परंतु घरांतील मुलगी मोबाईलवर तबला लावून रियाज करीत असेल आणि आपलें गाणें सोबत मुद्रित करीत असेल, तर ठेका आणि गळा यांची चुकामूक होते. रियाजास तारेचाच हेडफोन द्यावा. तिसरें, बिनतारीची बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते, आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. तारेचा चांगला हेडफोन, सुटी होणारी तार आणि बदलतां येणाऱ्या गाद्या असलेला, पंधरा-वीस वर्षेंहि टिकतो. ज्या घरांत पितळेचीं भांडीं तीन पिढ्या चालतात तेथें हा विचार पटण्यासारखा आहे.

घर आणि हवा

तिसरा प्रश्न जागेचा. हेडफोनचे दोन मुख्य भेद आहेत. बंद पाठीच्या हेडफोनांतून आवाज बाहेर जात नाहीं व बाहेरचा आंत येत नाहीं. उघड्या पाठीचा असेल तर त्याच्या जाळींतून दोन्हीकडे आवाज येतो-जातो. गाणें मोकळें, दिवाणखान्यांत बसल्यासारखें वाटतें. एकाच खोलींत मुलगी अभ्यास करीत असेल तर बंद पाठीचाच घ्यावा. स्वतंत्र खोली असेल, किंवा दुपारीं ओसरीवर एकट्यानें बसावयाचें असेल, तर ख्यालास उघड्या पाठीच्यासारखा दुसरा नाहीं. शिवाय वृद्धांस त्याचा एक लाभ असा कीं नातवंडाची हांक, दारावरची थाप, गॅसवर उतूं जाणारें दूध, हीं त्यांतून ऐकूं येतात. घरांत एकट्या असणाऱ्या वृद्ध स्त्रीनें कान पूर्ण बंद करणारा हेडफोन लावून बसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

बाहेरचा गोंगाट विजेच्या युक्तीनें मारणारे हेडफोनहि आहेत. एस.टी.च्या इंजिनाची एकसारखी घरघर ते पुष्कळ कमी करतात. मिरज-जत प्रवासांत ते वरदान आहेत. रस्त्यानें चालतांना मात्र ते लावूं नयेत.

आमच्याकडील हवेचा विचार तर कोणतीहि जाहिरात करीत नाहीं. जतचा उन्हाळा कडक. नकली चामड्याच्या गाद्यांनीं कान घामेजतात, आणि दोन उन्हाळ्यांत त्यांचे पापुद्रे निघूं लागतात. कापडी किंवा मखमली गाद्या बऱ्या. आणि कंपनी सुट्या गाद्या देते कीं नाहीं, हें आधीं विचारावें. वजन अडीचशें ग्रॅमच्या फार वर नसावें. चष्म्याच्या काड्यांमुळें गादी आणि गाल यांत फट राहते व खर्ज निसटतो. चष्मेवाल्यांनीं चष्मा लावूनच परीक्षा करावी. आमच्या वाचक भगिनींनीं कुड्या-बुगड्या घालूनच तो लावून पाहावा. कानावर दाबून बसणारा लहान हेडफोन बुगडीवर टोंचतो. कानाभोंवतीं प्रशस्त बसणारा टोंचत नाहीं. कानांत घालण्याचे इअरफोन स्वस्त आणि सुटसुटीत खरे, एक-दोन हजार रुपयांतहि त्यांत उत्तम मिळतात. परंतु ते ज्याचे त्यानेंच वापरावे. एकाचें पंचपात्र दुसऱ्यानें वापरतां येईल, इअरफोन नव्हे.

कान हेंच मुख्य यंत्र

चौथा प्रश्न कानांचा, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्दोष तरुण कानास सुमारें २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकूं येतें असें मानतात. वय वाढतें तसा वरचा भाग प्रथम जातो. साठीच्या पुढें दहा-बारा हजारांच्या वरचें बहुतेकांस ऐकूं येत नाहीं. म्हणून ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ असें खोक्यावर छापलेलें पाहून जास्त पैसे मोजणें हें साठीच्या गृहस्थानें लहान मुलाच्या मापाचा सदरा घेण्यासारखें आहे. सुदैव असें कीं गाण्याचा आत्मा त्या उंचीवर नसतो. षड्ज, गांधार, मींड, शब्द, हें सारें बरेंच खालीं आहे आणि वृद्धांसहि तें लाभतें.

परंतु येथेंच एक धोका आहे. घरांतील वृद्ध दूरदर्शनचा आवाज दिवसेंदिवस वाढवीत जातात, मुलें कुरकुरतात, आणि तोडगा म्हणून हेडफोन आणून दिला जातो. घर शांत होतें. पण आतां तो मोठा आवाज थेट कानाशीं जातो आणि कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. आवाज ऐकूं येतो पण शब्द उमगत नाहीं, एका कानास कमी येतें, किंवा कानांत सतत गुणगुण वाटते, अशी तक्रार असेल तर प्रथम दुकान नव्हे, कानाचा वैद्य गांठावा. कधीं नुसता मळ असतो, कधीं श्रवणयंत्राची गरज असते. ‘आजोबा लक्ष देत नाहींत’ असें जें घरांत म्हटलें जातें, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच असतें. कान तपासून घेण्याचा खर्च चांगल्या हेडफोनाच्या किंमतीहून बहुधा थोडाच असतो.

तरुणांचीहि काळजी तितकीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबेल आवाज आठवड्यास ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. ९० डेसिबेल असेल तर आठवड्यास केवळ ४ तास. लहान मुलांसाठीं ४० तासांस ७५ डेसिबेल ही मर्यादा आहे. दहा डेसिबेलांनीं मुदत दहा पटींनीं घटते, हें गणित मुलांस एकदां कागदावर मांडून दाखवावें. नुसत्या रागावण्यापेक्षां त्याचा उपयोग अधिक होतो. घरगुती नियम असा ठेवावा कीं आवाज शांत खोलींत ठरवावा, मोबाईलच्या निम्म्याच्या थोडा वर जाऊं देऊं नये, आणि गोंगाटांत तो वाढविण्याऐवजीं बंद पाठीचा हेडफोन घ्यावा. ऐकण्याची शक्ति एकदां गेली कीं ती परत येत नाहीं, आणि मग सोन्याचा हेडफोनहि व्यर्थ.

परीक्षा आणि खरेदी

जतच्या बाजारांत निवडीस वाव थोडा. म्हणून एक तर सांगली-मिरजेस कामानिमित्त जाल तेव्हां आपला स्वतःचा मोबाईल आणि आपलींच गाणीं बरोबर न्यावींत, नाहीं तर घरपोंच मागवितांना परत घेण्याची अट वाचून मगच पैसे भरावे. दुकानदार जें गाणें लावून देतो तें त्या हेडफोनास खुलविणारें असतें, हें विसरूं नये.

परीक्षेस तीन मुद्रणें पुरेत : नुसता तंबोरा, तबल्यासह विलंबित ख्याल, आणि शब्दप्रधान गीत. दोन हेडफोनांची तुलना करतांना दोघांचा आवाज कानास सारखा वाटेल असा आधीं जुळवावा, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच क्षणभर चांगला वाटतो, आणि ह्या एका भ्रमावर कित्येक विक्र्या होतात. मग निदान अर्धा तास तो डोक्यावर ठेवावा. पांच मिनिटांत आवडलेला हेडफोन अर्ध्या तासांत नकोसा झाला तर तो आपला नव्हे.

मुद्रणहि चांगलें असूं द्यावें. इंटरनेटवर कोणीतरी पुनःपुन्हा नकल करून चढविलेलें गाणें कितीहि महागड्या हेडफोनांतून ऐकलें तरी त्याचे दोषच मोठे होतात. हजार रुपये हेडफोनावर अधिक खर्च करण्याऐवजीं तेंच गाणें अधिकृत ठिकाणाहून घेतलें तर पुष्कळदां जास्त फरक पडतो.

शेवटीं गृहस्थाश्रमी वाचकांस एक विनंति. हेडफोनानें घरांतील भांडण मिटतें हें खरें. पण चौघे चार कोपऱ्यांत कान झांकून बसले तर नातवास तंबोरा कसा वाजतो हें कधींच कळणार नाहीं, आणि आजोबांना नातवाचें गाणें कळणार नाहीं. आपल्यांतील बहुतेकांस गाण्याची गोडी लागली ती दुसऱ्या कोणासाठीं लावलेलें गाणें कानांवर पडून. म्हणून दिवसाचे इतर तास ज्याचें त्याचें गाणें ज्याच्या त्याच्या कानांत खुशाल वाजूं द्यावें. परंतु दिवेलागणीनंतरचा एक तास हेडफोन खुंटीवर टांगून सर्वांनीं एकच गाणें मोकळ्या हवेंत ऐकावें, आणि तें कोणतें लावावयाचें हें ठरविण्याची पाळी दररोज घरांतील एकेकास द्यावी.